नाकाजी परराज्यात

नाकाजीचं खरं नाव कागदोपत्री तेवढं उरलं होतं. गल्लीत, दुकानात आणि सासुरवाडीत तो नाकाजीच. हे नाव त्याला मेहुण्याने ठेवलं, तेही लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात. सासूने कौतुकाने पाण्याचा पेला पुढे केला. जावयाने तो ओठांपर्यंत नेला, थांबला, खाली ठेवला आणि विचारलं, "यात अंडं फेटलं होतं का कधी?" फेटलं होतं, तीन दिवसांपूर्वी. सासूने तो पेला पुन्हा त्याच्यासमोर ठेवला नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारावं. ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून, एकवीस वर्षांची कायम नोकरी. दिवसभर गावाच्या तक्रारी ऐकायच्या आणि संध्याकाळी नवऱ्याच्या. शेजारच्यांनी मोरी धुतली नाही. दुधात कालचं दूध मिसळलं आहे. बसच्या दांड्याला कुणाचा तरी घाम होता. बाहेर चहा प्यायचा तर कप डाव्या हातात, का तर सगळं जग उजव्या बाजूने ओठ लावतं. लोक म्हणायचे, हा नाकाने कांदे सोलतो. बायको म्हणायची, "सोलू देत की. पाणी त्यांच्याच डोळ्यांना येतं." मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच, आणि दोघांचं घर आरशासारखं स्वच्छ असायचं.

दुकानात मात्र या नाकाला मोल होतं. धुलाईचं दुकान, म्हातारा मालक, तीन यंत्रं, दोन इस्त्रीवाले आणि मागच्या खिडकीशी डागांचं टेबल. त्या टेबलावर नाकाजीने तेवीस वर्षं काढली. पद्धत ठरलेली. आधी डोळा, मग नाक, मग नख आणि सगळ्यांत शेवटी बाटली. गिऱ्हाईक काय सांगतं त्यावर जायचं नाही, कारण गिऱ्हाईक नेहमी चहाच सांडतं. सुकलेला तपकिरी डाग डोळ्याला सगळा सारखाच. त्यावर ओलं बोट फिरवायचं, नाकाशी धरायचं, मग कळतं की हा चहा, हा गंज, हे औषध आणि हे रक्त. रक्त, अंडं आणि दूध यांना गरम पाणी लागलं की डाग कापडात शिजतो, मग तो काढायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. नाकाजीने तेवीस वर्षांत एकही डाग शिजवला नाही. कोणाच्या सदऱ्यावर कोणाचं अत्तर आहे हेही त्याला कळायचं, पण ते त्याने पोटातच ठेवलं.

म्हातारा मालक गेला आणि मुलगा गादीवर बसला. त्याने मागची भिंत पाडली, नाणं टाकून चालणारी आठ यंत्रं बसवली आणि डागांचं टेबल भंगारात घातलं. नाकाजीला सुट्टी नाणी द्यायला काउंटरवर उभं केलं. लोकांच्या घामट नाण्यांना हात लावून त्याला दिवसातून दहादा हात धुवावे लागत. मुलगा म्हणाला, "साबणही तुमच्याच पगारातून का?" त्या दिवसापासून नाकाजीचं तिथून मन उडालं.

तेवढ्यात मेहुणा आला. हा बायकोचा थोरला भाऊ बारा वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यात गेला होता आणि आता एका भल्यामोठ्या धुलाई कारखान्यात, काचेच्या ऑफिसात बसायचा. पंचवीस हॉटेलं आणि चार दवाखान्यांचे कपडे तिथे येत. मेहुणा खुर्चीवर मागे रेलून म्हणाला, "भाऊजी, तुमच्या नाकाचं इथं काय होतंय? लोणचं? तिथं या. डाग विभागाचा प्रमुख करतो. पगार दुप्पट. सहा महिन्यांनी कायम केलं की कुटुंबासाठी दोन खोल्यांचं क्वार्टर."

प्रमुख हा शब्द नाकाजीला चढला. पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाला असा शब्द चढला की तो पुढचं ऐकत नाही. बायकोने ऐकलं. ती म्हणाली, "आधी तुम्ही जा. सहा महिने बघा. मी राजीनामा एकदाच देणार. आमच्याकडे तो मंजूर झाला की देवालाही परत घेता येत नाही."

नाकाजी गेला. हद्द ओलांडली आणि पाट्यांवरची अक्षरं बदलली. भाषा आपल्याच भाषेची चुलत बहीण असल्यासारखी, अर्धी कळायची आणि उरलेली हातवाऱ्यांनी. पण वास सगळ्या राज्यांत एकाच भाषेत बोलतो. कारखान्याच्या फाटकाबाहेर शंभर पावलांवरच नाकाजीच्या नाकाने त्याला सांगितलं की मागे फिर.

कंपनीने राहायला दिलेली खोली कारखान्याच्या पाठीमागच्या लांबट इमारतीत होती. एका खोलीत चौघं. दार उघडलं आणि आतली हवा अंगावर आली. ओल्या गाद्या, पायमोजे, तुंबलेली मोरी, जळकं तेल आणि या सगळ्याखाली काहीतरी कुजकं, ज्याला नावही देऊ नये. नाकाजी ट्रंक हातातच धरून बाहेर आला आणि कठड्याशी वाकून ओकला. आतून कोणीतरी म्हणालं, "नवीन दिसतोय."

खोलीत तिघं होते. बॉयलरवाला तंबाखू खायचा आणि कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत थुंकायचा. ती बाटली त्याच्या उशाशी असायची आणि भरली तरच रिकामी व्हायची. गाठोडेवाला दिवसभर मळक्या चादरींची गाठोडी सोडायचा आणि त्याच कपड्यांनिशी गादीवर पडायचा. तिसरा म्हातारा इस्त्रीवाला, अकरा वर्षांपासून तिथे. हा त्यातल्या त्यात माणसात होता, पण तोही शिळा भात हुंगायची तसदी न घेता तोंडात टाकायचा. मोरीच्या जाळीत चार माणसांचे केस, साबणाचा चोथा आणि भाताची शितं. पाणी घोट्यापर्यंत साचायचं आणि बॉयलरवाला त्यात उभा राहून गाणं म्हणत आंघोळ करायचा.

नाकाजीला त्यांची किळस आली. साधीसुधी नाही. माणूस असून असं राहायचं, याचा संताप त्या किळसेत होता. पहिले दोन आठवडे तो बाहेर कठड्याशी पथारी टाकून झोपला. तिसऱ्या आठवड्यात थंडी पडली तेव्हा रुमाल नाकाला बांधून आत आला. येता-जाता तो तिघांना फैलावर घ्यायचा. "अरे, जनावरं तरी बसायची जागा शेपटीने झाडतात." तिघं रागावायचे नाहीत. हीच गोष्ट त्याला सगळ्यांत ओंगळ वाटायची. शिवी दिली तर माणूस चिडतो, आणि हे नुसते त्याच्याकडे बघायचे, इस्त्रीवाला तर जरा कणवेनेच. नाकाजी बायकोला फोनवर म्हणाला, "डुकरं आहेत. तुझ्या भावाने मला डुकरांत आणून टाकलं."

"मग परत या," ती म्हणाली.

"आणि तुझ्या माहेरी माझं नाक कापलं जाऊ दे?" नाकाजीने विचारलं. मेहुण्याने सगळ्या नात्यात डंका पिटला होता की भाऊजी प्रमुख झाले.

प्रमुखपणाची गंमत कारखान्यात कळली. डाग विभाग म्हणजे ब्लीचच्या हौदाशेजारी एक स्टूल, आणि विभागात माणूस एकच. रोज दोन हजार चादरी यायच्या. गाठोडी सुटायची आणि त्यातून जगाचं पोट बाहेर पडायचं. हॉटेलातल्या चादरींवर ओकाऱ्या, रस्सा, केसांचा रंग आणि जे नवराबायकोंनीही एकमेकांना सांगू नये ते. दवाखान्यातल्यांवर पू, औषधं, रक्त. सगळं एकाच सरकत्या पट्ट्यावरून उकळत्या पाण्यात. पहिल्या दिवशी नाकाजी पट्ट्याला आडवा झाला. "अहो, रक्ताला गरम पाणी नाही चालत. डाग शिजेल. आधी ओळखू तर द्या."

मॅनेजर आला. मनगटावर जाड घड्याळ, अंगाला स्प्रेचा वास. तो शांतपणे म्हणाला, "शिजू दे. शिजला तर हौदात टाका. तरी राहिला तर पुन्हा टाका. डाग कशाचा आहे हे हौद विचारत नाही, मग तुम्ही कशाला विचारता?"

तेवीस वर्षांची विद्या एका वाक्यात चुलीत गेली. त्यानंतर नाकाजीचं काम एवढंच. पांढऱ्या न झालेल्या चादरी वेचायच्या आणि लांब काठीने हौदात दाबायच्या. हौदातून पिवळसर वाफ यायची. वर भिंतीत पंखा होता, पण त्याची पाती कापसाच्या धुळीने जाम झाली होती. नाकाजीने सांगितलं, मॅनेजरने वहीत लिहिलं, आणि ते वहीतच राहिलं. डोळे चुरचुरायचे, घसा खवखवायचा. मेहुण्याला सांगितलं तर तो काचेआडून म्हणाला, "सगळ्यांना सुरुवातीला होतं. तीन-चार महिन्यांत तक्रार थांबते बघा."

दुसऱ्या महिन्यात नाकाजीला सर्दी झाली. ती दोन महिने हटली नाही. नाक सोलवटलं, रात्री तोंडाने श्वास. चौथ्या महिन्यात ती गेली आणि नाकाजीला बरं वाटू लागलं. एवढंच नाही, एकूणच बरं वाटू लागलं. खोलीत शिरताना आता पोटात ढवळत नव्हतं. मोरी तुंबलेली दिसायची, पण पूर्वीइतकी त्रास देत नव्हती. नाकाजीने मनाशी हिशेब मांडला की आपण रोज कानीकपाळी ओरडलो, त्याचा परिणाम झाला. गाढवांनाही शेवटी वळण लागतं. त्याने नाकाचा रुमाल सोडला. कँटीनचा भात पूर्वी त्याला गिळवत नव्हता, आता तो दोनदा वाढून घ्यायचा, फक्त वरून मीठ आणि तिखट जरा जास्त लागायचं. "इथला आचारी कंजूष आहे, चवच नाही कशाला," तो इस्त्रीवाल्याला म्हणाला. इस्त्रीवाल्याने मिठाचा डबा त्याच्याकडे सरकवला.

बायकोला फोनवरून त्याने कळवलं, "आता सगळं ठीक आहे. खोली पुष्कळ सुधारली. माणसंही सुधारली. एक तारखेला मला कायमचं पत्र मिळतंय. क्वार्टर बघून ठेवलं आहे. तू राजीनामा दे."

ती म्हणाली, "तुम्ही ठीक आहे म्हणताय?"

"म्हणतोय ना."

नाकाजीने एखाद्या जागेला ठीक म्हणावं, ही सगळ्या संसारातली पहिली वेळ. बायको त्याला भुलली. ज्याला देवळातल्या फुलांत शिळं फूल कळतं, त्याने ठीक म्हटलं तर ते ठीकच असणार. तिने अर्ज दिला. साहेब म्हणाले, सोमवारी मंजुरीची सही करतो, तोवर विचार कर. विचार करायचं काही उरलं नव्हतं, पण शनिवारी तिला सुट्टी होती. क्वार्टरच्या खिडक्यांची मापं घ्यावीत, पडदे इथूनच शिवून न्यावेत, म्हणून ती पहाटेच्या बसने निघाली. नवऱ्याला आदल्या दिवशी कळवलं. नाकाजी खूश झाला. त्याने सुट्टी घेतली, दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि बसस्टँडवर उभा राहिला.

ती उतरली, हसली, दोन पावलं पुढे आली आणि थांबली. "बरे आहात ना?" तिने विचारलं.

"एकदम. का?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि रिक्षात बाहेरच्या बाजूला तोंड करून बसली. नाकाजीला वाटलं, प्रवासाने डोकं धरलं असेल.

क्वार्टरची किल्ली मॅनेजरकडे होती आणि तो बारानंतर येणार होता. तोवर खोलीत चहा घेऊ, म्हणून नाकाजी तिला खोलीवर घेऊन गेला. वाटेत तो आपल्या कर्तृत्वाचं वर्णन करत होता. "पहिल्या दिवशी मी इथं ओकलो होतो, ठाऊक आहे? आता बघ."

त्याने दार उघडलं. ती उंबऱ्यातच थिजली. तिने ओढणीचं टोक नाकातोंडावर दाबलं, दुसऱ्या हाताने चौकट धरली आणि म्हणाली, "अहो, आत काय मेलंय?"

"कुठं काय?" नाकाजी म्हणाला. तो आत शिरला, खुर्ची पुसली. इस्त्रीवाला आपल्या गादीवर बसून दाढी करत होता, तो उठून उभा राहिला.

ती आत आली. ओढणी नाकावर तशीच. बॉयलरवाल्याच्या बाटलीकडे तिने बघितलं आणि नजर काढून घेतली. मोरीकडे बघितलं. मग ती नाकाजीच्या लोखंडी खाटेकडे वळली. खाटेखाली ट्रंक होती, ट्रंकेवर आणि भिंतीवर माशा. गेल्या आठवड्यात माशा फार झाल्या म्हणून नाकाजी गाठोडेवाल्यावर ओरडलाही होता. तिने ट्रंक पायाने सरकवली.

मागे घूस होती. मेलेली, फुगून फुटलेली, खालची फरशी ओली आणि त्या ओलीत पांढरं काहीतरी वळवळणारं. आठ-दहा दिवसांची तरी असेल. नाकाजीचं डोकं तिथून दीड हातावर असायचं. दहा रात्री तो तिच्याशेजारी घोरत झोपला होता.

ती बाहेर धावली. कठड्याशी वाकून तिने सकाळचं सगळं ओकून टाकलं. नाकाजी घुशीकडे बघत उभा राहिला. डोळ्यांना ती घाण दिसत होती, अंगावर काटा येत होता, आणि नाकाशी काहीही नव्हतं. त्याने वाकून जोरात श्वास घेतला. नुसती हवा, गार आणि रिकामी. तो सरळ झाला, कोपऱ्यातल्या चुलीजवळचं दुधाचं पातेलं उचललं आणि नाकाशी धरलं. काही नाही. एक घोट घेतला. घोट जिभेवर गोळे होऊन आला, दही झालेलं आणि त्याच्याही पुढे गेलेलं दूध, आणि चव मात्र कोमट पाण्याची. ते त्याने थुंकलं. मग मोरीत ओतायला आणलेली ब्लीचची बाटली, मग स्वतःच्या सदऱ्याची बाही.

इस्त्रीवाल्याने अर्धवट दाढीनेच विचारलं, "तुमचंही गेलं?"

नाकाजीने बाही नाकापासून खाली केली.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला कळलं असेल. तुम्ही रुमाल सोडलात ना, तेव्हाच आम्ही म्हणालो, झालं. त्या वाफेने जातं. बॉयलरवाल्याचं दोन वर्षांत गेलं, माझं सहा महिन्यांत. तुमचं जरा लवकर गेलं. तुम्ही हौदाशीच असता ना."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही आम्हाला डुक्कर म्हणत होता," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "कधी सांगायचं?"

नाकाजी मटकन खाटेवर बसला, पुन्हा चटकन उठला. पाच महिने तो या तीन माणसांना किळसवाणी समजत आला होता. ती घाणेरडी नव्हती. त्यांना घाण कळायचं दारच बंद झालं होतं, आणि त्याने त्याच दारावर लाथा घातल्या होत्या. आता त्याला सगळ्यांत जास्त शिसारी आली ती स्वतःची. मॅनेजरची आली, मेहुण्याची आली, पण ती नंतर.

बाहेर बायको भावाला फोन करत होती. शब्द एकेक स्पष्ट. "दादा, तुला ठाऊक होतं?" पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं. त्यात सुरुवातीला जातं थोडं, नोकरी काय झाडाला लागते का आणि पगार बघ, हे सगळं असणार. तिने मध्येच तोडलं. "तू तर काचेआड बसतोस. तुझं नाक शाबूत आहे ना? मग आता ते कुठं लपवायचं ते बघ." फोन ठेवून तिने तोंड धुतलं आणि नाकाजीला म्हणाली, "चला."

"कुठं?"

"घरी. सोमवारी दहाला मी अर्ज मागे घेते."

"तू घे," नाकाजी म्हणाला. "घेच. पण मी येऊन करू काय? डागांच्या टेबलावर मला कोण बसवणार आता? बसवलंच तर मी ओळखू कशाने? मला फक्त इथंच काम मिळू शकतं. इथं नाक लागत नाही. एक तारखेला पत्र आहे."

इस्त्रीवाला मध्ये पडला. त्याने तोंडावरचा साबण पुसला आणि म्हणाला, "ताई, हे काही मला विचारत नाहीत, पण सांगतो. एक पोरगा सहाव्या महिन्यात सोडून गेला होता. त्याचं परत आलं म्हणतात, थोडंफार. जे राहिले त्यांचं कुणाचं आलं नाही." मग नाकाजीकडे वळून, "जायचं तर आत्ताच जा. पत्र हातात आलं की माणूस जात नाही. मीही जाणार होतो."

नाकाजीने मान हलवली आणि नाही म्हटलं. सासुरवाडी आठवली, काउंटर आठवलं, सुट्टी नाणी आठवली. एक महिना काढतो, पगार घेऊन, रीतसर येतो, असं काहीतरी तो बोलत राहिला. माणूस पडायला लागला की आधी रीत धरतो. बायकोने हुज्जत घातली नाही. घूस तिनेच कागदात गुंडाळून टाकली, फरशीवर पाणी ओतलं, हात कोपरापर्यंत तीनदा धुतले. क्वार्टर बघायला ती गेलीच नाही.

दुपारच्या बसला तो तिला सोडायला आला. बस भरत आली होती. खिडकीजवळची जागा तिला मिळाली, शेजारी एक जाडशी बाई मांडीवर डबा घेऊन. नाकाजी खाली उभा राहिला. निरोप घ्यायचा म्हणून तो खिडकीत वाकला आणि सवयीने तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला. ती मागे झाली.

तिने मुद्दाम केलं नव्हतं. हात विस्तवाला लागला की जसा आपोआप मागे येतो, तशी ती मागे झाली, आणि झाल्याबरोबर तिचा चेहरा पडला. पण नाकाजीने ते बघितलं होतं. नाकपुड्या आवळलेल्या, वरचा ओठ किंचित उचललेला, मान अर्ध्या बोटाने वळलेली. आयुष्यभर त्याने हा चेहरा दुसऱ्यांना दाखवला होता. समोरून तो कसा दिसतो, हे त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

"खूप येतो का?" त्याने विचारलं.

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. ती म्हणाली, "येतो. ब्लीचचा आणि ओल्या कपड्यांचा. सकाळी स्टँडवरच आला. मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाचे कपडे घातलेत."

शेजारच्या बाईने डब्याचं झाकण घट्ट दाबलं, रुमाल काढला आणि हात लांब करून खिडकीची काच ओढून घेतली. नाकाजीच्या तोंडासमोर काच आली. बायकोने ती काच दोन्ही हातांनी मागे सरकवली. "ते माझे मिस्टर आहेत," ती बाईला म्हणाली.

"असू देत," बाई रुमालाआडून म्हणाली, "पण सहा तासांचा प्रवास आहे."

कंडक्टरने घंटा मारली. बायको खिडकीतून बाहेर वाकली. या वेळी ती मागे झाली नाही. तिने त्याचा दंड धरला, सदऱ्यासकट, आणि बोटं पांढरी होईपर्यंत आवळला. "वर या," ती म्हणाली. "काय करायचं ते घरी ठरवू. पत्र नको, पगार नको. उद्या सकाळी पुन्हा तुम्ही त्या हौदाशी उभे राहणार, हे मी खिडकीतून बघत जाणार नाही."

"माझी ट्रंक..."

"त्या ट्रंकेला हात लावायचा नाही."

बस हलली. नाकाजी दोन पावलं तिच्याबरोबर चालला, मग चार पळाला आणि दारातला दांडा धरून वर चढला. त्या दांड्याला कुणाचा घाम होता की नव्हता, हे त्याला कळलं नाही. तो मधल्या वाटेने पुढे सरकला तसे दोन्ही बाजूंचे लोक खिडक्यांकडे कलत गेले. कुणीतरी म्हणालं, "अरे बापरे." तो बायकोच्या बाकाशी येऊन उभा राहिला, खाली मान घालून.

जाड बाईने त्याच्याकडे एकदा बघितलं, डबा उचलला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत मागच्या बाकावर जाऊन बसली. जागा झाली. बायको खिडकीकडे थोडी सरकली, आणि नाकाजी बसला.